बूट होताना सर्व्हिस आधी उठते, आयपी नंतर येतो: सिस्टिमसीटीएल, नेटवर्कसीटीएल आणि आयपी कमांडची चर्चा

तारजोड

डेबियन १२, सिस्टिमडी-नेटवर्कडी (बूट आणि सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा नेटवर्कवाला डिमन, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम), दोन लॅन पोर्ट. ईएनपी१एस० ला केबल आहे, ईएनपी२एस० रिकामा. पत्ता डीएचसीपीने, म्हणजे राउटरकडून आपोआप, येतो; राउटरवर मॅक (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) बांधून १९२.०.२.१० ठरवून दिलाय.

पहिली अडचण: बूट होताना "वेट फॉर नेटवर्क टू बी कॉन्फिगर्ड" या ओळीवर पूर्ण दोन मिनिटं जातात. 'सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम' (बूटमध्ये कुणाला किती वेळ लागला त्याची यादी) च्या डोक्यावर सिस्टिमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन (नेटवर्क तयार होण्याची वाट बघणारी सर्व्हिस), वेळ दोन मिनिटं आणि वर काही मिलिसेकंद.

दुसरी: १९२.०.२.१०:८०८० वर ऐकणारी एक सर्व्हिस बूटमध्ये पडते. लॉगमध्ये "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस". नंतर हाताने 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' केलं की निमूट चालते. रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर टाकून पाहिलं, तर "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली" म्हणून सिस्टिमडी हात वर करतो.

सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (ती कशी चालवायची ते सिस्टिमडीला सांगणाऱ्या फाइलमध्ये) आफ्टर=नेटवर्क.टार्गेट आहे. नेटवर्कसाठी एकच फाइल आहे, २०-वायर्ड.नेटवर्क, त्यात नेम=ईएन* आणि डीएचसीपी=यस. 'नेटवर्कसीटीएल' काय दाखवतं:

ईएनपी१एस० — राउटेबल — कॉन्फिगर्ड
ईएनपी२एस० — नो-कॅरिअर — कॉन्फिगरिंग

मला कळत नाही ते हे की दोन मिनिटं थांबूनही सर्व्हिसला पत्ता का मिळत नाही?

---

काळापडदा

कारण थांबतंय दुसरंच कुणीतरी. तुमची सर्व्हिस थांबतच नाहीये.

टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा. नेटवर्क.टार्गेट या नावावर जाऊ नका. त्याचा बूटमधला अर्थ एवढाच की नेटवर्क सांभाळणारा डिमन सुरू झाला आहे. पत्ता आला, केबल जोडली आहे, यातलं काही तो सांगत नाही. त्याचा खरा उपयोग बंद होताना होतो: आफ्टर=नेटवर्क.टार्गेट असलेली सर्व्हिस नेटवर्क जाण्याच्या आधी बंद होते. पत्ता हवा असेल तर नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट, आणि त्यासाठी दोन ओळी लागतात:

[युनिट]
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

नुसतं आफ्टर लिहिलं तर तो टार्गेट बूटमध्ये ओढला जाईलच याची खात्री नाही. आफ्टर फक्त क्रम ठरवतं. नुसतं वॉन्ट्स लिहिलं तर ओढला जातो, पण दोघं एकदमच सुटतात. निम्मे लोक यातली एकच ओळ लिहितात, त्यांचं दहापैकी सात वेळा चालतं, आणि उरलेल्या तीन वेळा हार्डवेअरला शिव्या बसतात.

तुमच्या बूटमध्ये हा टार्गेट दुसऱ्याच कुणीतरी मागवलेला आहे. कोणी ते असं बघा:

सिस्टिमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

बहुधा एखादा एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेली डिरेक्टरी) किंवा एखादा टाइमर सापडेल.

आता दोन मिनिटांचं. वेट-ऑनलाइनची मुदत मुळातच १२० सेकंद आहे. तुमच्या ईएन* मुळे रिकामा पोर्टही नेटवर्कडीच्या ताब्यात आला, त्यावर डीएचसीपी सुरू झालं, केबल नाही म्हणून तो 'कॉन्फिगरिंग' वर अडकला. वेट-ऑनलाइन ताब्यातल्या सगळ्या इंटरफेसची वाट बघतं, म्हणून मुदत संपेपर्यंत बसून राहतं आणि शेवटी फेल होतं. रिकाम्या पोर्टासाठी वेगळी फाइल करा, नाव १०-रिकामा.नेटवर्क असं काहीतरी:

[मॅच]
नेम=ईएनपी२एस०

[लिंक]
रिक्वायर्डफॉरऑनलाइन=नो

[नेटवर्क]
डीएचसीपी=यस

आकडा २० पेक्षा लहान हवा. .नेटवर्क फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, जुळलेली पहिली फाइल लागू होते आणि बाकीच्या त्या इंटरफेसपुरत्या रद्द. दोन्ही फाइलींतल्या ओळी एकत्र होत नाहीत. मग 'नेटवर्कसीटीएल रीलोड' आणि 'नेटवर्कसीटीएल स्टेटस ईएनपी२एस०'. स्टेटसमध्ये "नेटवर्क फाइल:" या ओळीसमोर नवीन फाइलचा मार्ग दिसलाच पाहिजे. २०-वायर्ड दिसत असेल तर नाव किंवा मॅच चुकलंय.

ईएनपी१एस० च्या बाजूने एक भर घाला: रिक्वायर्डफॉरऑनलाइन=राउटेबल. मूळ अपेक्षा 'डिग्रेडेड' इतकीच असते, म्हणजे लिंक-लोकल पत्ता असला तरी खालची पायरी पार झाली असं धरतात. तुम्हाला त्याच्या वरची पायरी हवी आहे.

आणि ब्लेमवर फार विसंबू नका. तिथे प्रत्येक युनिटचा स्वतःचा वेळ असतो. युनिटं समांतर सुटतात, त्यामुळे बेरीज करून काही कळत नाही. टाइप=सिंपल असलेल्या सर्व्हिस तर त्या यादीत येतच नाहीत, कारण प्रोसेस सुटली की सिस्टिमडीच्या हिशोबी ती 'सुरू' झाली. कोण कुणासाठी अडलंय ते 'सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ क्रिटिकल-चेन' सांगतं. त्यात @ च्या पुढचा आकडा म्हणजे बूटच्या कोणत्या क्षणी युनिट तयार झालं, + च्या पुढचा म्हणजे त्याला किती वेळ लागला. शेवटी एखाद्या युनिटचं नाव दिलंत तर फक्त त्याचीच साखळी येते.

---

पोर्टबावीस

काळापडदा यांनी मुळावर बोट ठेवलंय. "रिपीटेड टू क्विकली" चा हिशोब मी देते.

रीस्टार्टसेक दिलं नसेल तर दोन प्रयत्नांमध्ये १०० मिलिसेकंद. मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्न. बाइंड (पत्ता आणि पोर्ट ऐकण्यासाठी धरणं) लगेच फसतं, म्हणजे अर्ध्या-पाऊण सेकंदात पाचही प्रयत्न संपले. डीएचसीपीचं उत्तर यायला दोन-तीन सेकंद तरी जातात, तोवर सर्व्हिस 'फेल्ड' होऊन पडलेली असते. रीस्टार्टसेक=५ करा. मग १० सेकंदांत दोन-तीनच प्रयत्न होतात आणि ती मर्यादा कधी लागतच नाही. मर्यादाच बदलायची असेल तर स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक आणि स्टार्टलिमिटबर्स्ट या ओळी युनिट विभागात जातात, सर्व्हिस विभागात नाही. स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक चुकीच्या विभागात लिहिली तर लॉगमध्ये एक इशारा येतो आणि काम काहीच होत नाही. अडकलेली गणती पुसायला 'सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड नाव'.

बदल मूळ फाइलमध्ये करू नका. 'सिस्टिमसीटीएल एडिट नाव.सर्व्हिस' दिलं की /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/नाव.सर्व्हिस.डी/ मध्ये ओव्हरराइड.कॉन्फ तयार होते. फक्त बदललेल्या ओळी तिथे, त्यांच्या विभागाच्या मथळ्यासकट. 'सिस्टिमसीटीएल कॅट' ने मूळ आणि भर दोन्ही एकाखाली एक दिसतात. एडिट वापरलं तर डिमन-रीलोड आपोआप होतं. संपादकात फाइल थेट उघडून बदललीत तर 'सिस्टिमसीटीएल डिमन-रीलोड' स्वतः द्यायचं.

यात दोन खाचा आहेत. एक्झेकस्टार्ट बदलताना आधी रिकामी "एक्झेकस्टार्ट=" ओळ लागते, मग नवीन. नाहीतर सिस्टिमडी दोन कमांड धरतो आणि टाइप वनशॉट नसेल तर युनिट नाकारतो. आफ्टर, वॉन्ट्स यांचं उलट: तिथे रिकामी ओळ देऊन जुनं पुसता येत नाही, भरच पडते. मूळ फाइलमधलं अवलंबित्व काढायचंच असेल तर संपूर्ण फाइल 'एडिट --फुल' ने /ईटीसी मध्ये उतरवावी लागते.

आता माझं मत. ज्या सर्व्हिसला एका ठरावीक पत्त्यावर बाइंड करायचंय तिने बूटच्या क्रमावर अवलंबून राहणंच कच्चं. ऑनलाइन टार्गेट बूटमध्ये एकदाच गाठला जातो. रात्री राउटर बंद पडून पत्ता गेला आणि परत आला, तर त्याबद्दल तो काही करत नाही. त्यापेक्षा ०.०.०.० वर ऐका आणि कुणाला आत घ्यायचं ते एनएफटेबल्स या फायरवॉलवर सोडा. ते चालत नसेल तर सिसीटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) नेट.आयपीव्ही४.आयपी_नॉनलोकल_बाइंड=१ करा, म्हणजे अजून न आलेल्या पत्त्यावरही बाइंड होतं. हे मात्र सगळ्या यंत्रणेला लागू होतं. एकाच सर्व्हिसपुरतं हवं असेल आणि तिला सॉकेट अ‍ॅक्टिव्हेशन (सिस्टिमडीने आधीच उघडून दिलेला सॉकेट वापरणं) येत असेल, तर .सॉकेट युनिटमध्ये फ्रीबाइंड=यस. मला हाच मार्ग सगळ्यात स्वच्छ वाटतो.

आयपीव्ही६ वाल्यांसाठी: पत्ता दिसत असूनही बाइंड फसू शकतं. नवीन पत्ता दुसऱ्या कुणाकडे नाही ना, याची तपासणी होईपर्यंत तो 'टेंटेटिव्ह' असतो, साधारण सेकंदभर. 'आयपी -६ अ‍ॅड्र शो' मध्ये तो शब्द दिसतो.

---

शून्यमार्ग

आणखी एक तपासा. पोर्टचा दिवा लागतो, कॅरिअर येतो, तरी डीएचसीपीला तीसेक सेकंद लागत असतील, तर दोष यंत्रात नाही, स्विचवर आहे. जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री (स्विचांच्या जाळ्यात चक्रं होऊ न देणारी यंत्रणा) चालू असलेला पोर्ट १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंगमध्ये घालवतो, आणि त्या काळात तुमची पाकिटं टाकून देतो. जिथे एकच संगणक जोडलेला आहे त्या पोर्टला स्विचवर एज पोर्ट करून टाका. काही स्विचवर त्यालाच पोर्टफास्ट म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे:

जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टिमडी-नेटवर्कडी

यात "गेन्ड कॅरिअर" आणि "डीएचसीपीव्ही४ अ‍ॅड्रेस" या दोन ओळींमधलं अंतर बघा. एक-दोन सेकंद म्हणजे ठीक, तीसच्या आसपास म्हणजे स्विच.

---

तारजोड

धन्यवाद. रिव्हर्स यादीत एनएफएसचं माउंट निघालं. १०-रिकामा फाइल टाकल्यावर वेट-ऑनलाइन काही सेकंदांवर आलं, आणि रीस्टार्टसेक व फ्रीबाइंड दोन्ही लावल्यावर सर्व्हिस पडत नाही. दोन ओळींमधलं अंतरही कमी आहे, म्हणजे स्विच निर्दोष.

पुढचे प्रश्न. याच यंत्राचा पत्ता आता एसएसएचवरून बदलायचाय. समोर ना स्क्रीन, ना कीबोर्ड. चुकलं तर तिथवर जावं लागेल. क्रम काय ठेवावा? आणि त्यात एक पीसीआय कार्ड घालायचंय. कार्ड घातल्यावर पोर्टाचं नाव बदलतं असं वाचलंय.

---

शून्यमार्ग

दुरून बदलण्याचा एकच नियम: नवं जोडून, तपासून, मगच जुनं काढायचं.

आयपी -बीआर अ‍ॅड्र
आयपी अ‍ॅड्र अ‍ॅड १९२.०.२.२०/२४ डेव्ह ईएनपी१एस०

जुना पत्ता तसाच आहे, तुमचं सेशन तसंच आहे. दुसऱ्या खिडकीतून १९२.०.२.२० वर एसएसएच करून बघा. जमलं तर त्या नव्या सेशनमधून पुढचं काम. 'आयपी' ने केलेलं सगळं फक्त चालू कर्नलमध्ये असतं, रीबूट झालं की पुसलं जातं. इथे तोच तुमचा जामीन आहे, म्हणून .नेटवर्क फाइलला अगदी शेवटी हात लावा.

/२४ विसरू नका. विसरलात तर कर्नल गुपचूप /३२ धरतो. पत्ता दिसतो, स्वतःला पिंग जातं, आणि बाहेर काही नाही, कारण शेजारच्या यंत्रांकडे जाणारा मार्गच तयार होत नाही. तोच एकटा पत्ता असेल तर डीफॉल्ट राउट घालायला गेलात की "नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे" येतं. लोक मग गेटवे तपासत बसतात. गेटवे बरोबरच असतो, पत्त्यामागचा आकडा बघा.

जुना पत्ता काढताना एक सापळा आहे. एकाच सबनेटमधला दुसरा पत्ता कर्नलच्या लेखी 'सेकंडरी' असतो. प्रायमरी काढला तर त्याच्यासोबत सेकंडरीही जातात! म्हणजे १९२.०.२.१० काढलात की १९२.०.२.२० ही गेला आणि तुम्ही बाहेर. हे टाळणारी किल्ली नेट.आयपीव्ही४.कॉन्फ.ऑल.प्रमोट_सेकंडरीज. ती १ असेल तर उरलेला पत्ता प्रायमरी होतो. काही डिस्ट्रो ती १ करून देतात, काही नाही. 'सिसीटीएल' ने आधी वाचा, ० असेल तर १ करा, मगच 'आयपी अ‍ॅड्र डेल'.

बाकी नेहमीच्या लागणाऱ्या कमांड: 'आयपी राउट गेट २०३.०.११३.५' दिलं की त्या ठिकाणी जाणारं पाकीट कोणत्या इंटरफेसने, कोणत्या गेटवेने आणि कोणता स्रोत पत्ता लावून जाईल ते कर्नल स्वतः सांगतो. राउट टेबल वाचून अंदाज बांधण्यापेक्षा हे बरं. 'आयपी नेबर' मध्ये गेटवेसमोर 'फेल्ड' असेल तर भांडण राउटिंगचं नाही, खालच्या थरातलं आहे: केबल, व्हीलॅन किंवा चुकीचा पोर्ट.

याच कामाची जुनी कमांड इफकॉन्फिग का नको, तर लेबल नसलेले दुसरे पत्ते ते दाखवतच नाही. वरच्या सगळ्या खटाटोपात तुम्हाला एकच पत्ता दिसत राहील.

हाताने घातलेल्या राउटबद्दल एक: नेटवर्कडी रीस्टार्ट झाला की आपल्या फाइलींत नसलेले राउट तो काढून टाकतो. नको असेल तर नेटवर्कडी.कॉन्फ मध्ये मॅनेजफॉरेनराउट्स=नो.

---

पोर्टबावीस

यात सुरक्षा दोरी बांधायची राहिली. बरेच लोक 'शटडाउन -आर +५' लावून काम करतात, म्हणजे अडकलो तर पाच मिनिटांनी रीबूट, जमलं तर 'शटडाउन -सी'. कल्पना चांगली, आकडा वाईट. शटडाउनच्या आधीच्या पाच मिनिटांत /रन/नोलॉगिन ही फाइल बनते आणि रूटखेरीज कुणालाही नवीन लॉगिन मिळत नाही. तुम्ही नव्या पत्त्यावर नव्याने एसएसएच करायला जाता, पत्ता अगदी बरोबर असतो, आणि "सिस्टिम इज गोइंग डाउन" म्हणून दारातून परत. +१५ द्या, म्हणजे पहिली दहा मिनिटं मोकळी मिळतात. किंवा शटडाउनच्या नादी न लागता टाइमर लावा:

सिस्टिमडी-रन --युनिट=बचाव --ऑन-अ‍ॅक्टिव्ह=५मिनिट सिस्टिमसीटीएल रीबूट

इथे मिनिटासाठी एमआयएन ही तीन अक्षरं, आकड्याला चिकटून. काम झालं की 'सिस्टिमसीटीएल स्टॉप बचाव.टाइमर'. आधी 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टाइमर्स' मध्ये तो खरंच लागलाय ना ते बघा.

रीबूटचा जामीन फक्त तात्पुरत्या बदलांना. चुकीची .नेटवर्क फाइल लिहून ठेवली असेल तर रीबूट तुम्हाला त्याच खड्ड्यात परत घालेल. नेटप्लॅन (उबुंटूवरचं नेटवर्क मांडणीचं साधन) वापरणाऱ्यांना हे आयतं मिळतं: 'नेटप्लॅन ट्राय' नवीन मांडणी लावतं आणि १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी परत आणतं. दुरून 'नेटप्लॅन अप्लाय' थेट देऊ नये.

---

बसक्रमांक

नावाचा प्रश्न मी घेतो.

ईएनपी१एस० म्हणजे इथरनेट, पीसीआय बस १, स्लॉट ०. नाव कार्डाला नाही, जागेला चिकटलेलं आहे. नवीन कार्ड किंवा एनव्हीएमई घातलं की फर्मवेअर बसचे क्रमांक नव्याने वाटू शकतं, मग जुना ईएनपी१एस० उद्या ईएनपी२एस० होतो आणि तुमच्या १०-रिकामा फाइलमधलं नेम= भलत्याच पोर्टला लागतं. तुमच्या बाबतीत तर मुख्य पोर्टच 'रिकामा' ठरेल. ईएनओ१ प्रकारची नावं मदरबोर्डच्या फर्मवेअरकडून येतात, ती सहसा हलत नाहीत.

कार्ड घालण्याआधीच नाव मॅकला बांधून टाका. /ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क/१०-लॅन०.लिंक:

[मॅच]
पर्मनंटमॅकअ‍ॅड्रेस=कार्डावरचा मॅक

[लिंक]
नेम=लॅन०

मॅक 'ईथटूल -पी ईएनपी१एस०' ने मिळतो, यातला पी मोठ्या लिपीतला. लहान पी दिला तर वेगळंच होतं: पोर्टचा दिवा लुकलुकत राहतो. तेही कामाचंच आहे, मागच्या बाजूला चार एकसारखे पोर्ट असले की कोणता कोण ते याने कळतं. सगळी कार्डं मात्र ते पाळत नाहीत.

साधं मॅकअ‍ॅड्रेस= न वापरता पर्मनंट का? व्हीलॅन आणि ब्रिज खालच्या कार्डाचाच मॅक घेऊन फिरतात, आणि साध्या मॅचमध्ये तेही सापडतात. एकच नाव दोघांना द्यायचा प्रयत्न होतो, मग एकाचं फसतं.

नाव ईटीएच० ठेवू नका. कर्नल स्वतः तीच नावं वाटत असतो, टक्कर होते. लॅन०, बाहेर०, काहीही चालेल. १५ अक्षरांच्या आत, रोमन लिपीत.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: कार्डाचा ड्रायव्हर बहुधा इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारी छोटी फाइलसिस्टिम) मधूनच लोड होतो, आणि नावही तिथेच ठरतं. .लिंक फाइल तिथे पोचली नाही तर काहीच बदललेलं दिसत नाही. डेबियनवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', फेडोरासारख्यांवर 'ड्राकट -एफ'. मग रीबूट. रीबूटच्या आधी कोणती फाइल लागेल ते कोरडं तपासता येतं:

युडेव्हअ‍ॅडम टेस्ट-बिल्टइन नेट_सेटअप_लिंक /सिस/क्लास/नेट/ईएनपी१एस०

उत्तरात आयडी_नेट_लिंक_फाइल समोर तुमच्या फाइलचा मार्ग हवा. ९९-डीफॉल्ट.लिंक दिसलं तर मॅक टंकण्यात चूक आहे.

आणि .नेटवर्क फाइलींतलं नेम= बदलायला विसरू नका. लॅन० हे नाव ईएन* मध्ये बसत नाही! नाव बदलून रीबूट केलं, पत्ताच आला नाही, याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच.

---

नित्यरीबूट

रीबूटनंतर यंत्र वर आलंच नाही तर? एनएफएस माउंटचा उल्लेख आलाय म्हणून विचारतोय. एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्या यादीत) नोंदलेली एक डिस्क यंत्रातून काढून टाकल्यावर नव्वद सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जातं.

---

काळापडदा

नव्वद सेकंद हा डिव्हाइसची वाट बघण्याचा मूळ आकडा. एफएसटॅबमधल्या ज्या ओळीवाचून यंत्र चालू शकतं त्या ओळीला नोफेल आणि एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस लावा. एनएफएसला नोफेल आणि _नेटडेव्ह. बदल केल्यावर 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा, स्पेलिंगच्या आणि हरवलेल्या यूयूआयडीच्या चुका तिथेच कळतात.

अडकलंच तर: ग्रब या बूटलोडरच्या यादीत 'ई' दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी सिस्टिमडी.युनिट=इमर्जन्सी.टार्गेट जोडा, कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका बूटपुरता असतो. रेस्क्यू.टार्गेट दिलं तर फाइलसिस्टिम माउंट होतात आणि मूलभूत सर्व्हिस उठतात. एफएसटॅबच बिघडलं असेल तर ते उपयोगाचं नाही, इमर्जन्सीच हवं.

इथे रूटचा पासवर्ड लागतो. रूट कुलूपबंद असेल तर "कॅनॉट ओपन अ‍ॅक्सेस टू कन्सोल" येतं आणि तुम्ही अधांतरी. मग त्याच ओळीला इनिट=/बिन/बॅश जोडा. रूट फाइलसिस्टिम फक्त वाचायला मिळते, म्हणून:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

एफएसटॅब दुरुस्त करा, 'सिंक' द्या, मग 'रीबूट -एफ'. साधं 'रीबूट' चालणार नाही, कारण ज्याला ते सांगायचं तो सिस्टिमडीच चालू नाही. एसईलिनक्स असेल आणि या शेलमध्ये फाइली बदलल्या असतील तर निघण्यापूर्वी 'टच /.ऑटोरीलेबल'.

मागच्या फसलेल्या बूटचा लॉग 'जर्नलसीटीएल -बी -१ -पी एरर' (पर्यायाचं मूल्य ईआरआर). "नो पर्सिस्टंट जर्नल" म्हणाला तर लॉग फक्त मेमरीत राहतोय; /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी बनवून 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट सिस्टिमडी-जर्नलडी' आणि 'जर्नलसीटीएल --फ्लश'. हे आज करून ठेवा, बिघाड झाल्यावर करून उपयोग नाही.

---

दुसरापंथ

सिस्टिमडी नसलेल्यांसाठी थोडक्यात. फ्रीबीएसडीवर इफकॉन्फिग अजूनही मुख्य साधन आहे, वर सांगितलेले तोटे तिथे नाहीत. कायमचे बदल 'सिसआरसी' ने आरसी.कॉन्फ मध्ये. 'सर्व्हिस नेटइफ रीस्टार्ट' एकटं दुरून कधीच देऊ नका: इंटरफेस परत येतो, डीफॉल्ट राउट येत नाही. 'सर्व्हिस नेटइफ रीस्टार्ट && सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट' एकाच ओळीत. आणि तारजोड यांची मूळ अडचण तिथेही आहेच. इफकॉन्फिग_ईएम० समोर डीएचसीपी लिहिलं तर बूट पुढे निघून जातं, सिंकडीएचसीपी लिहिलं तर पत्ता येईपर्यंत थांबतं.

अल्पाइन, जेंटूवर ओपनआरसी: 'आरसी-अपडेट अ‍ॅड नाव डीफॉल्ट' म्हणजे एनेबल, 'आरसी-सर्व्हिस नाव स्टार्ट' म्हणजे स्टार्ट, कोण चालू-बंद ते 'आरसी-स्टेटस'. सर्व्हिस स्क्रिप्टच्या डिपेंड भागात 'नीड नेट' ही सक्त अट, 'आफ्टर नेट' फक्त क्रम.

---

नित्यरीबूट

इतकं सगळं करण्यापेक्षा 'सिस्टिमसीटीएल मास्क सिस्टिमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन' केलं, म्हणजे ती सर्व्हिस सुरूच होऊ दिली नाही, की काम झालं ना? सगळीकडे हाच उपाय दिसतो.

---

काळापडदा

बूट झटपट होईल खरं. पण मग नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेटला थांबवणारं कुणीच उरत नाही, तो लगेच 'गाठला' जातो. तारजोड यांचं एनएफएस माउंट पत्त्याआधी सुटेल आणि फसेल, आणि नोफेल लावलेलं असल्यामुळे तोंडावर काही येणारही नाही. रिकामी डिरेक्टरी दिसेल आणि बॅकअपची स्क्रिप्ट तिच्यात लिहीत बसेल, थेट रूट डिस्कवर.

मास्क योग्य ठरतं ते एकाच प्रसंगी: नेटवर्क नेटवर्कमॅनेजरच्या (नेटवर्कडीऐवजी वापरतात त्या दुसऱ्या डिमनच्या) हातात आहे, आणि नेटवर्कडीचं वेट-ऑनलाइन उगाच एनेबल राहिलंय. तेव्हा 'नेटवर्कसीटीएल' मध्ये सगळे इंटरफेस 'अनमॅनेज्ड' दिसतात, वाट बघायला काही नसतं आणि तरी १२० सेकंद जातात. तिथेही मास्कपेक्षा 'डिसेबल' पुरे.

उलट प्रकार जास्त त्रासाचा, म्हणजे दोघंही एकाच कार्डावर. ओळख: 'आयपी राउट' मध्ये एकाच इंटरफेसवर दोन डीफॉल्ट ओळी, एकीत मेट्रिक १००, दुसरीत १०२४. १०० सहसा नेटवर्कमॅनेजरचा, १०२४ नेटवर्कडीचा. 'एनएमसीएलआय डेव्ह सेट लॅन० मॅनेज्ड नो' ने नेटवर्कमॅनेजरचा हात तात्पुरता सुटतो. कायमसाठी /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/ मध्ये फाइल करून कीफाइल विभागात अनमॅनेज्ड-डिव्हायसेस=इंटरफेस-नेम:लॅन० लिहा आणि 'सिस्टिमसीटीएल रीलोड नेटवर्कमॅनेजर' द्या. उरलेली १०० ची ओळ 'आयपी राउट डेल डीफॉल्ट डेव्ह लॅन० मेट्रिक १००' ने हाताने काढावी लागते. मेट्रिक लिहायचं चुकवू नका, नाहीतर कोणती ओळ उडेल ते कर्नल ठरवेल.